करवत दर वेळी फांदीत का अडकते?

आंबे उतरले, की आमच्या देवगडच्या कलमांवर तीन कामं निघतात. सुकलेल्या फांद्या काढायच्या, बांडगूळ काढायचं आणि आत काळोख करणारी एखादी फांदी मोकळी करायची. पावसाने जोर धरायच्या आत हे उरकायचं असतं, त्यामुळे हाताशी दिवस मोजकेच. आणि दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फांदीलाच झाडावरून हाक येते, "करवत अडकली!"

बरीच वर्षं मी याचा एकच अर्थ लावायचो, की करवत बोथट झाली. मग गाडी काढायची, हार्डवेअरच्या दुकानात जायचं आणि नवी आणायची. पाच वर्षांत चार करवती झाल्या. चौथी तर पहिल्याच दिवशी अडकली. नवी कोरी करवत पहिल्या दिवशी बोथट होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

ती फांदी मांडीएवढी जाड होती. वरून कापायला घेतली. अर्ध्यावर येईपर्यंत लोण्यासारखी चालली आणि मग एकदम थबकली. मी ओढली, हिसका दिला, पुन्हा हिसका दिला, आणि मुठीजवळ पातं मुरडलं. करवतीला चार शब्द सुनावले. आमच्याकडे काढणीला येणारे एक काका खालच्या बेचक्यात विडी शिलगावत बसले होते. ते वर न बघताच म्हणाले, "करवतीर कित्याक रागावतंस? फांदी खंय बसता ता बघ."

बघितलं. फांदीचा शेंडा शेजारच्या कलमाच्या फांदीवर टेकला होता. म्हणजे एक टोक खोडाला, दुसरं शेजारच्या झाडावर, आणि मी पुलाला मधोमध वरून चीर पाडत होतो. पूल खाली बसायला लागला, चिरेची वरची दोन्ही तोंडं एकमेकांवर आवळली आणि करवत त्यात चिमटली. दात्यांचा काही दोषच नव्हता.

तेव्हापासून करवत अडकली, की मी ठरलेल्या क्रमाने बघतो. आधी लाकूड कुठे दाबतंय, मग पात्यावर चीक किती बसलाय, मग दात्यांची जात, आणि शेवटी धार. लोक नेमकं उलटीकडून सुरू करतात.

आधी अडकलेली करवत सोडवा

ओढू नका. हे सांगायला सोपं आहे, करायला अवघड. कारण माणूस फांदीवर एका पायावर असतो, घाम डोळ्यांत उतरलेला असतो आणि हात आपोआप हिसका देतात. पण छाटणीच्या करवतीचं पातं पातळ असतं आणि ते एकदा मुरडलं, की कायमचं मुरडलं. थोडा बाक आला असेल तर हाताने उलट्या बाजूला हलकेच वाकवून सरळ करता येतो. घडी पडली असेल तर नाही. हातोडीने ठोकून सरळ केलेली करवत सरळ कापत नाही, मी करून बघितलंय.

खाली माणूस असेल तर त्याला बेचक्याच्या लांब काठीने फांदी किंचित वर उचलायला सांगा. दोन बोटं उचलली तरी पुरते. चीर उघडते आणि करवत आपणहून सैल होते. फांदी जाड असेल तर चिरेत लाकडाची पाचर मारा. लोखंडी छिन्नी नको, ती दात्यांना लागते. आणि फांदी उचलण्यासारखी नसेलच, तर दुसऱ्या करवतीने हातभर पुढे, शेंड्याच्या बाजूला, वजन आधी उतरवा. वजन गेलं की अडकलेली करवत सुटते. म्हणून झाडावर चढताना एकाऐवजी दोन करवती न्याव्यात, या मताचा मी आता झालोय.

फांदी कुठे बसलीय

मोकळी फांदी म्हणजे एका टोकाला धरलेली काठी. शेंड्याच्या वजनाने तिची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची बाजू दबलेली. वरून कापलं की चीर उघडत जाते, करवत मोकळी चालते. खालून कापलं की एका तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे चीर मिटायला लागते. म्हणून खालचा काप उथळच ठेवायचा.

पण शेंडा कशावर तरी टेकलेला असेल, गडग्यावर, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, पत्र्यावर, शेजारच्या झाडावर, तर सगळं उलटं होतं. वरची बाजू दबलेली, खालची ताणलेली. अशा फांदीला वरून थोडासा काप घ्यायचा आणि बाकीचं खालून कापायचं, किंवा आधी शेंड्याकडचे डहाळे उतरवून तो टेकू काढून टाकायचा. आमच्याकडे जुन्या कलमांच्या फांद्या एकमेकांत इतक्या गुंतलेल्या असतात, की निम्म्या फांद्या कशावर ना कशावर टेकलेल्याच निघतात. खालून बघताना ते कळत नाही. पानांच्या गर्दीत शेंडा कुठे गेलाय हे हाताने फांदी हलवून बघावं लागतं. फांदी हलवली आणि पलीकडचं झाड हललं, की समजायचं.

मोकळ्या फांदीलाही एकाच दमात वरून कापू नका. जाड फांदी शेवटी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. वीत-दीड वीत जखम होते, तिच्यात पाणी मुरतं. शेवग्यासारख्या ठिसूळ झाडाचं तर विचारूच नका. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं पुढे, वरून, फांदी पडेपर्यंत. फांदी पडताना साल पहिल्या कापाशी येऊन थांबते. मग हातात फक्त खुंट उरतो आणि तिसरा काप निवांत घेता येतो. या तिसऱ्या कापात करवत अडकतच नाही, कारण दाबायला वजनच उरलेलं नसतं.

तिसरा काप कुठे घ्यायचा, याबद्दल दोन शब्द. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेलं कडं दिसतं. त्या कड्याच्या लगेच बाहेर कापायचं. कडं राखलं तर झाड तिथून नवी साल आणून जखम झाकतं. खोडाला चिकटून सपाट कापलं तर ते कडंच जातं, आणि लांब खुंट ठेवला तर तो सडत आत शिरतो. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आत काय घडतं ते बघितलं आणि हे कडं राखायचा आग्रह जगभर पोहोचवला. त्याआधी खोडालगत सपाट कापणं हीच चांगली छाटणी समजली जायची. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही तसंच कापतात, आणि जुन्या कलमांना ज्या ढोल्या आहेत त्यातल्या काही तरी अशाच पडल्या असणार.

भुसा बघा

गेल्या वर्षी सुट्टीत भाचा आला होता. पुण्याचा मुलगा, उत्साह दांडगा. एक सुकी फांदी कापायला दिली. पाच मिनिटांत हाक आली, "मामा, ही बोथट झालीय."

"भुसा दाखव."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण भुसा सगळं सांगतो. तळहातावर घ्या आणि बोटाने चोळा. ओल्या फांदीचा भुसा शेवयांच्या चुऱ्यासारखा, बारीक लांबट तुकड्यांचा असेल तर दाते लाकूड कापताहेत. पिठासारखा मऊ पडत असेल तर दाते घासताहेत. भुसा खाली पडतच नसेल, दात्यांच्या मधल्या खाचांत चिखलासारखा थापून बसला असेल, तर दाते या लाकडाला फार बारीक आहेत. आणि भुसा चांगला पडत असूनही करवत जड चालत असेल, तर दात्यांकडे बघूच नका, पात्याच्या अंगाकडे बघा.

भाच्याच्या हातातला भुसा चांगला होता. पातं मात्र काळंकुट्ट, हाताला चिकटणारं. आदल्या दिवशी त्याच करवतीने मी आंब्याच्या ओल्या फांद्या उतरवल्या होत्या आणि तशीच घडी करून ठेवली होती.

चीक

अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर हेच, आणि याच्याकडे कोणी बघत नाही. करवत जी चीर पाडते ती पात्याहून अगदी थोडी रुंद असते. त्या थोड्याशा जागेत पातं मोकळं सरकतं. चीक वाळून पात्याच्या दोन्ही बाजूंना कागदाएवढा थर बसला तरी ती जागा संपली. पातं मग लाकडाला घासतं, तापतं, तापलं की चीक मऊ होऊन आणखी चिकट होतो. आपण जोर वाढवतो. जोर वाढवला की पातं वाकतं आणि चिरेत तिरकं बसतं. हे चक्र दहा ओढींत पूर्ण होतं.

वर आंब्याच्या सालीत टॅनिन असतं. ते लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं. पातं काळं पडलं म्हणजे गंजलं असं समजून काही जण लगेच पॉलिश पेपर घेतात. आधी चीक काढा, मग खाली काय आहे ते बघा.

आंब्याचा वाळलेला चीक पाण्याने जात नाही. फडक्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाइन घ्या, पात्याला लावून पाच मिनिटं राहू द्या, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने दात्यांच्या खाचा मुळापासून शेंड्याकडे साफ करा. दात्यांवरून आडवं फडकं फिरवू नका, फडकं फाटतं आणि बोटही. फणसाचा चीक वेगळा. त्याला रॉकेल नको, खोबरेल तेल हवं. फणस फोडताना विळीला आणि हाताला तेल लावतो तेच. फणसाची फांदी कापायच्या आधीच पात्याच्या दोन्ही अंगांना तेलाचा हात फिरवला, तर चीक बसतच नाही. आंब्यालाही हे चालतं. मी आता खिशात तेलाचं बोळकं आणि चिंधी ठेवतो. चार-पाच फांद्या झाल्या की एकदा पुसायचं. यात दोन मिनिटं जातात आणि दिवसभराची मनगटदुखी वाचते.

तेल हातालाही लावा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ओला चीक अंगावर उडाला की काहींना लगेच काही वाटत नाही, संध्याकाळी कातडी उतायला लागते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कितीही उकडत असलं तरी.

सुताराची करवत झाडावर नेऊ नका

घरात जी करवत असते ती बहुधा सुतारकामाची असते. ती सुक्या, तासलेल्या लाकडासाठी. तिचे दाते बारीक असतात. ओल्या लाकडाचा भुसा ओला, फुगीर आणि तंतूंचा असतो. बारीक खाचांत तो मावत नाही, दाटतो, आणि दाते लाकडाला टेकतच नाहीत. छाटणीच्या करवतीला एका इंचात पाच ते आठ दाते असतात आणि मधल्या खाचा खोल असतात. दुकानात पट्टी लावून मोजा, कोणी हसलं तर हसू द्या. नुसत्या ओल्या, जाड फांद्या कापायच्या असतील तर पाच-सहा दात्यांची घ्या. सुक्या फांद्या आणि बांडगुळाच्या गाठी जास्त असतील तर सात-आठची. एकच घ्यायची असेल तर मी सहा-सातच्या मध्ये कुठेतरी थांबेन.

दुसरा फरक दिशेचा. साधी हातकरवत पुढे ढकलताना कापते. छाटणीची करवत आपल्याकडे ओढताना कापते, तिच्या दात्यांची टोकं मुठीकडे वळलेली असतात. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ असलं तरी सरळ राहतं. जपानी करवती सगळ्या याच तत्त्वावर, आणि चांगल्या छाटणीच्या करवतींची ही पद्धत तिकडूनच जगभर गेली. पण हाताला सवय ढकलायची असते. भाचा जाताना जोर लावत होता आणि येताना हात सैल सोडत होता, म्हणजे बरोबर उलटं. जाताना फक्त वजन न देता सरकवायची, येताना खेचायची. आणि पातं पूर्ण लांबीने वापरायचं. मधल्या चार इंचांतच खसाखसा केलं, की भुसा बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि तेवढेच दाते झिजतात.

लांबीचा हिशोब सोपा आहे. ज्या जाडीची फांदी नेहमी कापता, त्याच्या निदान दुप्पट लांबीचं पातं हवं. त्याहून आखूड असेल तर दाते लाकडाच्या बाहेर येतच नाहीत आणि भुसा आतच फिरतो. २४० मिलिमीटरचं, म्हणजे साधारण साडेनऊ इंचांचं पातं ११-१२ सेंटीमीटरच्या फांदीपर्यंत ठीक. गॅलरीतल्या कुंड्यांना आणि जास्वंद-गुलाबाला १७०-१८० चं पुरतं. बोटाएवढ्या डहाळ्यांसाठी करवत काढूच नका, त्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापा. बारीक डहाळी करवतीखाली नाचते आणि दाते तिथेच तुटतात.

बाकदार पातं की सरळ? डोक्याच्या वर हात करून कापायचं असेल तर बाकदार, ते फांदीला आपोआप चावून राहतं. समोर, छातीच्या उंचीवर, नेमका काप घ्यायचा असेल तर सरळ. घडीची करवत खिशात बसते, चढताना हात मोकळे राहतात. पण घेताना पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत खडखड असेल तर ठेवून द्या. कुलूप अर्धवट बसणारी घडी करवत बोटांवर मिटते. मूठ ओल्या हाताने धरून बघायला दुकानदार पाणी देत नाही, पण रबराची खरखरीत मूठ घामात सुटत नाही एवढं लक्षात ठेवा. आणि पातं बदलता येतं का, वेगळं पातं मिळतं का, हे विचाराच. माझ्या चार करवतींपैकी तिघींना पातं बदलायची सोयच नव्हती.

आता धार

पात्यावर चीक नाही, दाते ओल्या लाकडाचेच, फांदी मोकळी, तरी पिठासारखा भुसा पडतोय? मग दाते बोथट आहेत. खात्री करायची तर करवत उन्हात धरा आणि दात्यांच्या टोकांकडे बघा. धारदार टोक दिसतच नाही. बोथट टोकावर पांढरा ठिपका चमकतो. नखावर दाता हलकेच टेकवला तर धारदार दाता रुततो, बोथट घसरतो.

आता दाते कुठल्या जातीचे आहेत ते बघा. टोकांना निळसर-काळी झाक असेल, पण पातं बाकी चकचकीत, तर ते दाते विजेच्या झटक्याने तापवून कडक केलेले आहेत. त्यांना कानस लागत नाही, कानसच घसरते. ते फार दिवस टिकतात आणि संपले की संपले, पातं बदलायचं. आजकालच्या बहुतेक छाटणीच्या करवती याच प्रकारच्या असतात. धार लावून देणाऱ्याकडे नेऊन उपयोग नाही. फिरत्या सायकलवर चाक लावून येतो त्याच्याकडे तर मुळीच नेऊ नका. तो सुऱ्या-कात्र्यांचा उस्ताद आहे, पण दगडावर पातं तापलं की दात्यांचं पाणी उतरतं, आणि मग ते कायमचे मऊ पडतात.

झाक नसेल आणि कानस दात्याला चावत असेल, तर घरी धार काढता येते. दोन फळ्यांत पातं असं आवळा, की दाते फक्त बोटभर वर राहतील; नाहीतर पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. साध्या त्रिकोणी दात्यांना तिकोनी कानस. आधी सपाट कानस दात्यांच्या माथ्यांवरून एकदा-दोनदा हलकेच फिरवून सगळ्यांची उंची सारखी करा. मग एक सोडून एक दाता, त्याच्या मूळच्या उतारालाच कानस टेकवून, फक्त पुढे ढकलताना दाब द्यायचा. प्रत्येकाला दोन किंवा तीन वेळा, सगळ्यांना सारखंच. मग करवत फिरवून उरलेले दाते. दात्यांना आधी मार्कर पेनने रंगवलं, तर कुठे कानस लागली आणि कुठे राहिली ते दिसतं. तीन बाजूंनी धार असलेल्या जपानी पद्धतीच्या उंच दात्यांना मात्र पातळ, चपट्या कडांची वेगळी कानस लागते. ती हाताशी नसेल तर हात लावू नका.

काही करवतींचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित फाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते. वर्षानुवर्षं कानस मारून ही फाक कमी होते आणि धारदार असूनही करवत अडकते. सुताराची जुनी खूण आहे: करवत दाते वर करून थोडी तिरकी धरा आणि दात्यांच्या दोन रांगांमध्ये शिवणाची सुई ठेवा. सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेली तर फाक ठीक. मध्येच पडली तर तिथली फाक बिघडलीय. फाक द्यायची पकड मिळते. पेचकसाने दाते वाकवू नका. ज्यांच्या दात्यांना फाकच नसते, त्यांचं पातं दात्यांकडे जाड आणि पाठीकडे पातळ तासलेलं असतं. तिथे सुई चालत नाही आणि फाकही द्यायची नसते. कडक केलेला दाता वाकवायला गेलात तर सरळ तुटतो.

नवी करवत आठवड्यात बोथट करायची असेल तर तिने माती लागलेली मुळं कापा. जांभ्याची धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. मुळांसाठी मी जुनी करवत ठेवलीय. शिवाय कापायच्या जागी फांदीत गिळलेली तार, कपडे वाळत घालायच्या दोरीचा खिळा वगैरे आहे का ते बघा. साल तिथे ओठ आवळल्यासारखी दिसते.

बांडगुळाची गाठ

हा वेगळा त्रास आहे, कारण करवत अडकते आणि वरचं एकही कारण लागू पडत नाही. बांडगुळाची मुळी फांदीत शिरते तिथे मोठी गाठ होते. गाठीतले तंतू सरळ नसतात, वेडेवाकडे पिळलेले असतात. दाते एका ओढीत चार दिशांनी अडतात. गाठ कापायचा अट्टहास सोडा. गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूला, वीत-दीड वीत सोडून निरोगी लाकडात कापा. तसंही नुसतं बांडगूळ वरवर काढलं तर फांदीत राहिलेल्या मुळीतून ते परत फुटतं. फळं धरायच्या आत काढलं तर बरं, कारण फुलटोच्यासारखे पक्षी त्याची चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतात आणि पुढच्या वर्षीचं काम वाढवून ठेवतात.

पावसाळा

कोकणात करवत मरते ती जुलैमध्ये, पडवीच्या खुंटीवर. काम संपलं की चीक काढा, कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात दहा मिनिटं ठेवा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेलही चालतं. जवसाचं तेल नको, ते वाळून लाखेसारखं चिकट होतं. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुक्या जागी, म्यानाबाहेर ठेवा. घडीच्या करवतीच्या बिजागरीत तेलाचा एक थेंब आणि तिथला नट आवळलेला आहे का ते बघणं, झालं.

गंज आलाच, तर बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून पात्याच्या अंगावरून लांबीच्या दिशेने फिरवा, दात्यांना न लावता. चकचकीत मुलामा असलेल्या पात्याला तेही नको, मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने येतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा सल्ला खूप जण देतात. गंज जातो, पण दात्यांची बारीक टोकंही आम्ल खातं.

एक झाड संपवून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा, निदान फांदीमर, म्हणजे फांद्या शेंड्याकडून सुकत जाण्याचा रोग, झालेल्या झाडानंतर तरी. ब्लीचिंगच्या पाण्याने जंतू मरतात आणि पातंही. कापलेल्या जागेला आमच्याकडे दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. शिगो वगैरे मंडळी जखमेला काही लावू नये म्हणतात. पण आमच्या पावसात उघडं लाकूड चार महिने भिजत राहतं, म्हणून मी मोठ्या कापांना लावतो, लहानांना नाही. पेस्ट प्लॅस्टिकच्या बादलीत करा आणि करवत त्या बादलीपासून लांब ठेवा. नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात पातं बुडालं, की त्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो आणि खालचं लोखंड खाल्लं जातं. आमच्या तिसऱ्या करवतीचा शेवट असाच झाला.

शहरात राहत असाल तर करवत उचलायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. आणि फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर ते काम आपलं नाही, महावितरणला कळवा.

ती मुरडलेली चौथी करवत अजून मांगरात आहे. माडाच्या झावळांचे सुके देठ तोडायला वापरतो. वाकडी कापते, पण अडकत नाही.